इल्म, हुन्नर आणि अधांतरी छत

इतिहासाच्या पुस्तकांतून इमारती आपल्याला बहुधा बाहेरून भेटतात. घुमट किती उंच, मिनार किती, इमारत बांधली कोणी, खर्च किती आला, एवढे सांगून पुस्तक पुढच्या राजाकडे वळते. आत जाऊन मान वर करावी आणि छताकडे पाहावे, असे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक माणसाचा मुक्काम छताखालीच असतो. इमारतीचे बाहेरचे रूप शहरासाठी असते, आतले छत मात्र तिथे बसणाऱ्या माणसासाठी असते.

आपल्याकडे छताचा विचार झालाच नाही, असे नाही. जुन्या वाड्यांत तुळयांखाली फळ्या जोडून केलेली तक्तपोशी असे. ज्याला ती परवडत नसे, तो वरची माती अंगावर पडू नये म्हणून कापडाचे छत ताणून घेई. आज शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही प्लास्टर ऑफ पॅरिसचे ‘फॉल्स सीलिंग’ दिसते. कडेने पायऱ्या उतरत आलेले, मध्ये खोलगट आणि आत दिवे दडवलेले. या तिन्हींची जात एकच. वजन पेलणारे खरे छत वर असते. डोळ्यांना दिसणारे छत त्याच्याखाली टांगलेले असते आणि ते स्वतःखेरीज कशाचाही भार वाहत नाही. इंग्रजी शब्दाने त्याला ‘खोटे’ ठरवून टाकले आहे. पण या खोट्या छताला हजार वर्षांचा खरा इतिहास आहे. त्याच्या सर्वांत देखण्या प्रकाराचे नाव मुकर्नस. त्याचीच हकिगत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

मुकर्नस म्हणजे काय, हे चित्राशिवाय सांगणे अवघड आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखी लहान लहान कोनाड्यांची रांग भिंतीतून थोडी पुढे आलेली कल्पावी. तिच्यावर दुसरी रांग आणखी पुढे आलेली, तिच्यावर तिसरी. असे थर एकमेकांवर चढत आत झुकत जातात आणि शेवटी मधोमध एखाद्या तारकेपाशी मिळतात. खालून पाहणाऱ्याला वाटते, की हजारो तुकडे हवेतच थबकले आहेत. युरोपीय प्रवाशांना ते पाहून गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांची आठवण झाली आणि त्यांनी तसेच नाव दिले. सुळके आपोआप, थेंबाथेंबाने तयार होतात. मुकर्नसमधला एकही तुकडा आपोआप आलेला नाही. प्रत्येकामागे मोजमाप आहे आणि त्या मोजमापाची कहाणीच आम्हांला अधिक मोलाची वाटते.

चौकोनावर वर्तुळ

सुरुवात एका साध्या अडचणीतून झाली. खोली चौकोनी आणि घुमट गोल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर गोल घुमट टेकवायचा कसा? कोपऱ्यात तिरकी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा, हा इराणातला जुना उपाय होता. दहाव्या शतकात ही कोपऱ्याची कमान फुटून तिचे लहान लहान भाग होऊ लागले. आजच्या उझबेकिस्तानात तीम नावाच्या गावी अरब-अता ही इ. स. ९७७-७८ मधली कबर आहे. तिच्या कोपऱ्यांत एका कमानीच्या जागी तीन पाकळ्या दिसतात. इराणातल्या निशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा गचाचे, म्हणजे भाजलेल्या जिप्समचे, रंगवलेले खोलगट तुकडे मिळाले. ते नवव्या-दहाव्या शतकांतले मानले जातात. मुकर्नसचा बालपणीचा चेहरा तो हाच.

त्याच काळात बगदादमध्ये एक वेगळीच गोष्ट घडत होती. अबुल वफा अल्-बूझजानी (९४०–९९८) या थोर गणितज्ञांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात, की कारागीर आणि भूमितीचे पंडित एकत्र बसत आणि त्या बैठकांना ते स्वतः हजर राहत. एकदा प्रश्न निघाला, की तीन सारख्या चौकोनांचे तुकडे करून त्यांचा एक मोठा चौकोन कसा जुळवावा. कारागिरांनी तुकडे कापून, जुळवून दाखवले. दिसायला ते ठीक होते, पण हिशेबात चुकत होते. पंडितांना सिद्धता ठाऊक होती, पण कापायचे कुठे, हे सांगता येत नव्हते. अबुल वफांनी दोघांच्याही उणिवा दाखवल्या आणि कापता येईल, शिवाय सिद्धही करता येईल, अशी रीत सांगितली.

आमच्या मते मुकर्नसचे खरे जन्मस्थान ही बैठक आहे. इल्म आणि हुन्नर, म्हणजे विद्या आणि हातकाम, ही दोन्ही एका सतरंजीवर बसली, एकमेकांशी भांडली, एकमेकांकडून शिकली. असे छत त्याशिवाय टांगता येत नाही.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात इराकमध्ये सामर्‍याच्या उत्तरेला दूर या गावी इमाम दूर यांच्या कबरीवर संपूर्ण घुमटच मुकर्नसचा झाला. आता ती केवळ कोपऱ्यातली युक्ती राहिली नाही, अख्खे छत तिने व्यापले. पुढे दमास्कसमध्ये नूरुद्दीनने ११५४ साली बांधलेल्या रुग्णालयाच्या प्रवेशदालनावर असाच घुमट आला. रोग्याने आत पाऊल टाकताच डोक्यावर हा चमत्कार दिसावा, ही कल्पनाच किती सुंदर!

या घुमटाचा अर्थ काय? यासर तब्बा या अभ्यासकाने १९८५ साली एक उपपत्ती मांडली. त्या काळी बगदादमध्ये अश्अरी पंथाचे विचारवंत म्हणत होते, की सृष्टी अविभाज्य कणांची बनलेली आहे आणि तो कणसमूह क्षणोक्षणी ईश्वराच्या इच्छेने टिकून राहतो. सुटे तुकडे आणि आधार न दिसताही तोललेले आकाश, हे त्या विचाराचे दृश्य रूप आहे, असे तब्बा यांचे म्हणणे. आकाश न दिसणाऱ्या खांबांवर उभारल्याचा उल्लेख कुरआनात आहेच. ही उपपत्ती सर्वांना मान्य नाही. गवंड्याने तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचले होते का, असा रास्त प्रश्न विचारला जातो. आम्हांला वाटते, घुमटाखाली उभ्या राहणाऱ्याला अर्थ लावण्याचा हक्क आहे. तो घुमट तिथे टिकला कशाने, हे मात्र गवंड्यालाच विचारावे लागेल.

जमिनीवर रेषा, वर छत

गवंड्याचे उत्तर १९६८ साली अचानक हाती आले. वायव्य इराणात तख्त-ए-सुलेमान येथे हुलागूचा मुलगा अबाका खान याने १२७० च्या दशकात राजवाडा बांधला होता. तिथे जर्मन पुरातत्त्वज्ञांना सुमारे पन्नास सेंटिमीटरची एक गचाची पाटी मिळाली. तिच्यावर चौकोन, त्रिकोण आणि पतंगाच्या आकाराच्या रेषा कोरलेल्या होत्या. एखाद्या मुलाने खेळता खेळता ओढाव्यात, तशा. ती मुकर्नसच्या एक-चतुर्थांश छताचा नकाशा होती. उरलेले तीन भाग त्याच्याच प्रतिमा, म्हणून काढण्याची गरज नव्हती. उलरिश हार्ब यांनी ती रेषा न् रेषा वाचून १९७८ मध्ये प्रसिद्ध केली.

या पाटीने एक गोष्ट कळली. एवढे गुंतागुंतीचे, तिन्ही दिशांनी वळणारे छत एका सपाट आकृतीत मावते. नकाशात उंची दाखवलेली नसते, ती कारागिराच्या डोक्यात असते. कोणती रेषा कोणत्या थराची, हे त्याला उस्तादाकडून ठाऊक असते. इराणातली रीत साधारण अशी. जमिनीवर पूर्ण मापाचा नकाशा काढायचा. त्यावर प्रत्येक थराची गचाची पातळ तक्ती ओतून, रेषेबरहुकूम कापून घ्यायची. त्या तक्त्या एकेक करून वर चढवायच्या आणि मूळ घुमटाला लाकडाने व गच माखलेल्या दोरांनी टांगायच्या. मग दोन तक्त्यांमधल्या जागेत खोलगट तुकडे बसवून घरे पुरी करायची. नतंझला शेख अब्दुस्समद यांचा १३०७ सालचा दर्गा आहे. बाहेरून त्याचे छत आठ बाजूंचे, शंकूसारखे, निळ्या फरशांचे. आतून पाहावे तर त्या शंकूचा मागमूस नाही, दिसते ते गचाचे मुकर्नस. बाहेरचे छत पावसासाठी, आतले डोळ्यांसाठी.

येथे गचाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. जिप्समचा दगड सौम्य आचेवर भाजला, की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले, की काही मिनिटांत ती घट्ट होते. चुना आळायला दिवस लागतात, गच आळायला चहा पिण्याएवढा वेळ लागतो. हलका, चटकन बसणारा आणि साच्यातून नेमका निघणारा असा हा पदार्थ नसता, तर हजारो तुकडे अधांतरी टांगण्याचे धाडस कोणी केले नसते.

आता अल्-काशी यांच्याकडे वळू. काशान गावचे गियासुद्दीन जमशीद अल्-काशी समरकंदला उलुग बेगच्या वेधशाळेत होते. पायची किंमत दशांश चिन्हापुढे सोळा स्थळांपर्यंत बिनचूक काढणारे हे गणितज्ञ. १४२७ साली त्यांनी ‘मिफ्ताहुल हिसाब’, म्हणजे हिशेबाची किल्ली, हा ग्रंथ पुरा केला. त्यात इमारतींच्या मोजमापाचे एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात मुकर्नस आहे. ग्रहताऱ्यांचा हिशेब करणारा हा माणूस गवंड्याच्या छताचे क्षेत्रफळ कसे काढावे, हे शांतपणे समजावून सांगतो. मुकर्नसच्या एका कोनाड्याला तो ‘घर’ म्हणतो, घरांच्या एका रांगेला ‘थर’. सर्वांत मोठ्या घराच्या पायाची रुंदी हे एकक धरायचे आणि बाकी सारे त्याच्या पटीत मोजायचे. मुकर्नसचे चार प्रकार तो वेगळे करतो. त्यांतला शेवटचा शिराझी, म्हणजे सर्वांत अवघड. वक्र पृष्ठासाठी एक ठरावीक गुणक देतो. ती वक्र रेषा गवंडी कशी काढतात, तेही लिहून ठेवतो.

एवढा खटाटोप कशासाठी? गच किती लागेल, रंग किती, सोने किती आणि कारागिराचे देणे किती, हे क्षेत्रफळावरून ठरत असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे जगातल्या एका श्रेष्ठ गणितज्ञाने आपली बुद्धी मजुराच्या हिशेबासाठी वापरली. त्याने कारागिराच्या रीतीला नाक मुरडले नाही. ती रीत ग्रंथात नोंदली, म्हणून आज सहाशे वर्षांनी आपल्याला ती कळते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जवळजवळ तीस मीटर लांबीची एक गुंडाळी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्याच्या आरंभी इराणात तयार झालेल्या या गुंडाळीत ११४ आकृत्या आहेत आणि त्यांत मुकर्नसचे नकाशेही आहेत. गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्या आकृत्यांखाली काढणाऱ्याचे नाव नाही.

फेझ, पालेर्मो, ग्रानाडा

पूर्वेकडे हे चालले असता मुकर्नस पश्चिमेलाही पोहोचले होते. मोरोक्कोत फेझ शहरातल्या करवीन मशिदीचा विस्तार ११३४ ते ११४३ या काळात झाला आणि तिच्या मधल्या ओळीत मुकर्नसची छते आली. काही वर्षांतच अल्-मुवह्हिद राजवटीचे सैन्य शहरात शिरले. हे लोक साधेपणाचे कट्टर पुरस्कर्ते. मध्ययुगीन इतिहासकार सांगतात, की नवा सुलतान शुक्रवारी नमाजाला येणार, हे कळताच शहरातले शेख आणि फकीह घाबरले. मेहराबीजवळची सोनेरी नक्षी त्याच्या डोळ्यांत खुपेल, म्हणून त्यांनी एका रात्रीत मजूर लावून तिच्यावर कागद चिकटवले, वरून गिलावा केला आणि पांढरा हात मारला. सकाळी सर्व भिंती कोऱ्या होत्या. तो गिलावा विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत उतरवण्यात आला आणि आतली कला आठशे वर्षांनी बाहेर आली. नक्षी पसंत नसलेल्यांच्या धाकात राहूनही ती फोडून टाकावी, असे फेझच्या लोकांना वाटले नाही. त्यांनी ती झाकली. झाकणे आणि फोडणे यांत केवढे अंतर आहे, ते पुढे दिसेल.

सिसिली बेटावर याच सुमारास आणखी नवल घडले. तिथली मुस्लिम सत्ता १०९१ पर्यंत संपली होती आणि नॉर्मन ख्रिस्ती राजे आले होते. त्यांतल्या दुसऱ्या रॉजरने पालेर्मोच्या राजवाड्यात आपले प्रार्थनामंदिर बांधले. भिंतींवर बायझंटाइन कारागिरांचे ख्रिस्ताचे चित्रण, खाली लॅटिन विधी आणि डोक्यावर मुस्लिम कारागिरांचे लाकडी मुकर्नस! पातळ फळ्यांचे तुकडे जोडून केलेले, वरच्या छपराखाली तोललेले, रंगवलेले आणि कूफी अक्षरांत अरबी शुभेच्छा लिहिलेले. चित्रांत वादक आहेत, नर्तकी आहेत, बुद्धिबळ खेळणारे दोघे आहेत. राजाने कारागिराचा धर्म पाहिला नाही आणि कारागिरानेही छत कोणाच्या डोक्यावर जाणार, हे पाहून हात आखडता घेतला नाही. तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या मुसलमानांना बेटावरून हलवून इटलीतल्या लुचेरा येथे नेऊन ठेवले. माणसे गेली. छत राहिले.

स्पेनमध्ये हीच गोष्ट अधिक भव्य आणि अधिक दुःखद रीतीने घडली. ग्रानाडाच्या अल्-हम्रा राजवाड्यात पाचव्या मुहम्मदाने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंहांचा चौक बांधला. त्याच्या एका बाजूला दोन बहिणींचे दालन म्हणून ओळखले जाणारे दालन आहे. त्याच्या छतात पाच हजारांहून अधिक तुकडे आहेत. खालच्या खिडक्यांतून प्रकाश फिरतो तसे ते छत दिवसभर रूप पालटते. भिंतीवर इब्न झमरक या कवीचे काव्य कोरले आहे. कवीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, छत टांगणाऱ्याचे नाही.

एकोणिसाव्या शतकात जूल गूरी आणि ओवेन जोन्स हे दोन तरुण वास्तुविशारद या राजवाड्याची मापे घ्यायला आले. १८३४ मध्ये गूरी पटकीने वारला. जोन्सने काम पुरे करून १८४० च्या दशकात प्रसिद्ध केले. त्याने दाखवून दिले, की हे सगळे हजारो तुकडे तीन मूळ आकारांतून निघालेल्या सात प्रकारच्या लोलकांचेच आहेत. लांबट चौकोन, काटकोन त्रिकोण आणि समद्विभुज त्रिकोण. बस्स, एवढेच. सात सुरांतून जसे अनंत राग, तसे सात तुकड्यांतून हे आकाश.

१४९२ मध्ये ग्रानाडा पडले. १५९० मध्ये जवळच्या दारूखान्याचा स्फोट होऊन याच चौकातल्या मुकर्नस दालनाचे छत निकामी झाले. १६०९ ते १६१४ या काळात बाटवलेल्या मुसलमानांचे वंशज, मोरिस्को, देशाबाहेर हाकलले गेले. त्यानंतर १६३३ साली सेव्हिलच्या दिएगो लोपेझ दे आरेनास या सुताराने लाकूडकामावर एक पुस्तक छापले. त्यात मुकर्नस कसे कापावे, याचाही पाठ आहे. ज्यांच्याकडून ही विद्या आली, ती माणसे तोवर देशात नव्हती. पण स्पॅनिश सुतार त्या कामाला मोकाराबे म्हणत होता आणि वास्तुतज्ज्ञाला आलारिफे. गवंड्याला स्पॅनिश भाषेत आजही आल्बान्यिल म्हणतात. हे अरबीतल्या अल्-बन्नाचेच रूप आहे. माणसांना हाकलणारा हुकूम निघू शकतो, शब्दांना हाकलणारा हुकूम अजून कोणाला काढता आलेला नाही.

दख्खनचा दगड, दख्खनचे शब्द

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कुतुबमिनाराच्या सज्ज्यांखाली मुकर्नसची दगडी रांग आहे. म्हणजे ही कला हिंदुस्थानात फार लवकर आली. पण इराणसारखी गचाची टांगती छते इथे रुजली नाहीत. कारण हवामानात आहे. जिप्समला पाण्याचे वावडे. कोरड्या पठारावर ते शतकानुशतके टिकते, आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्याचा भरवसा धरता येत नाही. दख्खनकडे होता बेसाल्टचा काळा दगड आणि चुना. म्हणून इथल्या कारागिरांनी तीच कल्पना आपल्या साहित्यात मांडली.

विजापूरचा इब्राहिम रौझा पाहावा. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ मध्ये वारला, त्याची ही कबर. शिलालेखात मलिक संदल याचे नाव आहे. बाहेर घुमट आहे, पण आत मान वर केली तर तो दिसत नाही. सुमारे चाळीस फूट चौरस दालनावर भिंतींतून गोलाई घेत आत येणारे आणि मधोमध पूर्ण सपाट असे दगडी छत आहे. खाली खांब नाही, तुळई नाही, कमान नाही. दगडी फरशा एकमेकींना कडेने भिडवून उत्तम चुन्याने सांधल्या आहेत. वर, घुमटाखाली, आणखी एक रिकामे दालन आहे. चारशे वर्षे हे छत तसेच आहे. इराणी कारागिराने दोराने जे साधले, ते विजापूरच्या गवंड्याने चुन्याच्या सांध्याने साधले.

औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा आपल्या अधिक जवळचा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिची ही १६६०-६१ मधली कबर. ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून तिची नेहमी हेटाळणी होते. संगमरवर थोडाच, बाकी सारे दगड-चुन्यावरचे गिलाव्याचे काम, हे खरे. पण आम्ही उलट म्हणतो. पैसा आखडला, तिथे हात मोकळा झाला. मोठ्या कमानींच्या पोटात गिलाव्याने उठवलेल्या, एकमेकींना छेदत वर चढणाऱ्या रेषांचे जाळे पाहावे. ते मुकर्नसच्याच घराण्यातले आहे. दरवाजावर अताउल्लाह आणि हंसपत राय अशी दोन नावे आहेत. एक वास्तुविशारद, दुसरा बांधकाम सांभाळणारा. अबुल वफांच्या बगदादमधली ती सतरंजी दख्खनमध्येही अंथरली गेली होती आणि तिच्यावर दोन धर्मांची माणसे बसली होती, असे ही दोन नावे सांगतात.

स्पेनप्रमाणे आपल्याकडेही शब्द साक्ष देतात. इराणी गच मराठीत आला आणि गच्ची झाला. गिलाबा गिलावा झाला, मेहराब महिरप झाली. कमान, इमारत, नक्षी, तक्तपोशी हे सगळे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचे मूळ गाव विचारत नाही. तसे ते विचारायचीही गरज नाही, कारण हे शब्द आता मराठीच आहेत. पोर्तुगीजांकडून आलेला मेस्त्री ‘गिलावा नीट झाला नाही’ म्हणून बिगाऱ्यावर ओरडतो, तेव्हा तो कोणत्या दोन भाषा एकत्र आणतो आहे, याचा त्याला पत्ता नसतो. भाषा अशीच जगते.

काय जपायचे?

ऑक्टोबर २०१४ मध्ये दूर गावचा तो पहिला मुकर्नस घुमट स्वतःला इस्लामचे राज्य म्हणवणाऱ्या टोळीने सुरुंग लावून उडवला. नऊशेहून अधिक वर्षे ऊन, पाऊस आणि मंगोल स्वाऱ्या सोसलेली वास्तू क्षणात मातीला मिळाली. फेझच्या लोकांनी भीतीपोटी का होईना, झाकून वाचवले. इथे श्रद्धेच्या नावाने फोडले. त्याच सुमारास पालेर्मोतले छत, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातले, दुरुस्त होऊन नव्याने झळकत होते. हे दोन्ही एकत्र पाहिले, तर वारसा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मिळते. वारसा नावाने मिळत नाही. जो सांभाळतो, त्याचा तो होतो.

आपल्या समाजात या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘आमच्या पूर्वजांनी अल्-हम्रा बांधला’ असा छातीठोक. दुसरा, ‘हे सारे परक्यांचे’ असा तुसडा. दोन्ही सुरांत गवंडी कुठेच नसतो. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज अल्-हम्राच्या सिंहासनावर नव्हते. ते असलेच, तर परातीत गच कालवणाऱ्यांत असतील, नाहीतर दख्खनच्या एखाद्या वाड्यात तक्तपोशी ठोकणाऱ्यांत. अभिमान बाळगायचाच असेल तर त्या हातांचा बाळगावा.

आणि ते हात आजही कामावर आहेत. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतीत कुठेही जा. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेली किंवा इथल्याच वस्तीतली पोरे शिडीवर उभी राहून छत टांगताना दिसतील. परातीत कालवलेले पांढरे पीठ तेच जिप्सम, इराणचा तोच गच. पॅरिसजवळच्या खाणींमुळे नाव तेवढे बदलले. पत्र्याच्या पट्ट्या आणि तारा म्हणजे नव्या काळचे दोर. प्लास्टरच्या तक्त्यांत बळकटीसाठी काथ्या घालतात, तोही त्याच जुन्या युक्तीचा भाऊ. सूत्र बांधून वर्तुळ काढणे, कोपरा काटकोनात आहे का ते पाहणे, थरांच्या पायऱ्या सारख्या उतरवणे, हे सारे ही पोरे नजरेच्या अंदाजाने करतात आणि पुष्कळदा फार छान करतात.

उणीव आहे ती एकाच गोष्टीची. त्यांच्यापाशी अबुल वफा नाहीत. शाळेतली भूमिती त्यांना परीक्षेपुरती भेटली आणि नापास करून निघून गेली. जो मुलगा दोरीने अष्टकोन काढून दाखवतो, त्यालाच त्या अष्टकोनाचे प्रमेय वहीत अगम्य वाटले. कारण वहीत शिकवणाऱ्याने कधी शिडी पाहिली नाही आणि शिडीवर शिकवणाऱ्याने वही. आमच्या जलशांतून, मदरशांतून, शाळांतून ‘एकेकाळी आम्ही गणितात जगाचे गुरू होतो’ असे सांगितले जाते. सांगा, जरूर सांगा. पण मग अल्-काशींच्या ग्रंथातले ते छत मोजायचे प्रकरणही शिकवा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक तास, वस्तीतल्या अभ्यासिकेत एक संध्याकाळ, कागद, दोरी आणि कंपास एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तीन आकार, सात तुकडे. दहावी सुटलेल्या मुलालाही ते कळण्यासारखे आहे, कारण मुळात ते त्याच्यासारख्यांसाठीच रचलेले आहे.

असे छत कशाचेही ओझे वाहत नाही, म्हणून त्याला खोटे म्हणतात. तरी हजार वर्षांची एक गोष्ट त्याने पेलून धरली आहे. विद्या आणि हात एकत्र आले, तर सुटे तुकडेसुद्धा अधांतरी तोलून राहतात. त्यांची फारकत झाली, की हाती भिंती तेवढ्या उरतात. ती सतरंजी पुन्हा अंथरण्याचे काम सुलतानांचे नाही, तुमचे-आमचे आहे.